कीचक कुणी व्हायचं?

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या महिनाभर आधी मी आठवीच्या वर्गात सांगितलं, या वेळी स्टेजवरचं नाटक नको, श्रुतिका करू. विषय कीचकवध. पात्रं वाटायला घेतली. भीमासाठी बारा-तेरा हात वर झाले. द्रौपदीसाठी चार मुली उभ्या राहिल्या. कीचकासाठी एकही हात नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी एका मुलाचं नाव घेतलं आणि वर्ग हसला. ज्याचं नाव घेतलं तो त्या वर्गातल्या दोन मुसलमान मुलांपैकी एक. तोही हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

मीही याच भागात वाढलो. आमच्या लहानपणी निघोजे, मोई, कुरुळी ही शेतीची गावं होती. कंपन्या नंतर आल्या. चाकणच्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं, हा इथल्या प्रत्येक शाळेच्या अभिमानाचा विषय. साहजिकच गॅदरिंगला तेच नाटक. आणि शाहिस्तेखान दरवर्षी मी. अम्मीची हिरवी ओढणी फेट्याला, काजळाची दाढी, हातात अत्तराच्या नावाखाली रिकामी बाटली. लाल महालाच्या प्रवेशात माझी बोटं तुटली की अख्खं गाव टाळ्या वाजवायचं. त्यात कुणाचा द्वेष नव्हता. गुरुजींचा माझ्यावर फार जीव होता. ‘‘तुझं उर्दू झकास आहे रे, तुलाच शोभतं,’’ असं ते कौतुकानं म्हणायचे. फक्त फिरंगोजी व्हावंसं मलाही वाटत असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नाही. मीही कधी बोललो नाही.

आज दिवसा मी शाळेत मराठी शिकवतो आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलांना उर्दू. त्या दिवशी वर्गात पात्रवाटप तिथंच थांबवलं. म्हटलं, आधी या नाटकाची गोष्ट ऐका, मग ठरवू. जे मुलांना सांगितलं तेच थोडं सविस्तर इथं लिहितो.

‘कीचकवध’ हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाटक. १९०७ साली ते रंगभूमीवर आलं. प्रयोग करणारी महाराष्ट्र नाटक मंडळी ही पुण्यातल्या शिकलेल्या तरुणांची संस्था. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, सगळ्यांच्या ओळखीची. अज्ञातवासाच्या वर्षात पांडव नावं बदलून मत्स्य देशाच्या विराट राजाकडे चाकरीला आहेत. युधिष्ठिर कंक नावानं राजाशी फासे खेळतो, भीम बल्लव नावानं मुदपाकखाना सांभाळतो, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची दासी झाली आहे. राणीचा भाऊ कीचक हा राज्याचा सेनापती. त्याच्या बळावरच राज्य चालतं, म्हणून राजा त्याला दबून असतो. कीचकाची नजर सैरंध्रीवर पडते. ती नकार देते. तो तिला भर दरबारात लाथ मारतो. दरबार गप्प. कंक झालेला तिचा नवरा तिथंच बसलेला, तोही गप्प, कारण ओळख उघड झाली तर वनवास पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बल्लव कीचकाला मारतो.

खाडिलकरांनी गोष्ट फारशी बदलली नाही. त्यांना बदलायची गरजच नव्हती. १९०५ साली लॉर्ड कर्झननं बंगालची फाळणी केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तो असं बोलून गेला होता की सत्याचा मान ही मुळात पश्चिमेची गोष्ट आहे. त्या बोलण्यानं देशभर संताप उसळला होता. हे सगळं पेपरात वाचून आलेला प्रेक्षक नाट्यगृहात बसला आणि समोरच्या कीचकाचा तोरा त्यानं ऐकला, तेव्हा त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हा देश. सबुरी धरा म्हणणारा कंक म्हणजे नेमस्त, आणि बल्लव म्हणजे जहाल. नाटकात कर्झनचं नाव एकदाही नाही. तो तर तोवर राजीनामा देऊन विलायतेला गेलाही होता. तरी प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं.

हे लिहिणारा माणूस स्वतः अज्ञातवास भोगून आलेला होता, हे मुलांना फार आवडलं. खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. काही वर्षं ते नेपाळमध्ये कृष्णराव या नावानं राहिले. वरून कौलांचा कारखाना, आतून बंदुका बनवण्याचा बेत. तो बेत तडीस गेला नाही. पण नाव बदलून परक्या राज्यात राहणं, ओळखलं जाण्याची धास्ती बाळगून गप्प बसणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता सरकारची बाजू पाहू. नाटकांवर बंदी घालायचा कायदा १८७६ पासून होता. तोही कलकत्त्यातल्या नाटकांना घाबरूनच केलेला. युवराजाचं घरी आगतस्वागत करणाऱ्या एका वकिलाची टिंगल करणारं प्रहसन तिथं गाजलं होतं. पण ‘कीचकवधा’ची अडचण वेगळी होती. पौराणिक नाटकावर बंदी घालायची, तर हा दुष्ट सेनापती म्हणजे आमचाच व्हाइसरॉय, हे सरकारनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. बंदीचा हुकूम म्हणजे ओळख पटल्याची कबुलीच. कदाचित म्हणूनच नाटक जवळजवळ तीन वर्षं चालू राहिलं. मग २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरकारला कबुलीची लाज उरली नाही. १९१० साली ‘कीचकवधा’वर बंदी आली. ती उठायला १९२६ साल उजाडलं. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं हिंदुस्थानातल्या असंतोषावर १९१० साली जे पुस्तक काढलं, त्यातही या नाटकाची दखल आहे. टिळकांना असंतोषाचे जनक म्हणणारं ते हेच पुस्तक.

इथवर ऐकल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, तेव्हा मुसलमान लोक हे नाटक बघायला जात होते का?’’

प्रश्न साधा होता, पण मी थबकलो. आपल्या ब्लॉगच्या वाचकांपुढे या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. १ ऑक्टोबर १९०६ ला आगाखानांच्या नेतृत्वाखाली पस्तीस मुस्लिम पुढारी सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोला भेटले आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व मागून आले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. बंगालच्या फाळणीत आपला फायदा आहे असं त्यातल्या अनेकांना वाटत होतं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला जो कीचक दिसत होता, तो ढाक्याच्या नवाबाला दिसत नव्हता. हे खरं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण एवढंच खरं नाही. याच फाळणीविरुद्ध एप्रिल १९०६ मध्ये बारीसालला प्रांतिक परिषद भरली आणि पोलिसांनी ती उधळली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर अब्दुल रसूल. त्यांना कीचक अगदी स्पष्ट दिसत होता.

आणि उर्दूत तर हाच डाव दुसऱ्या पत्त्यांनी खेळला जात होता. हसरत मोहानी अलिगढहून ‘उर्दू-ए-मुअल्ला’ नावाचं मासिक काढायचे. १९०८ साली त्यांनी एक लेख छापला. विषय काय, तर इंग्रजांचं इजिप्तमधलं शिक्षणविषयक धोरण. इजिप्त! हिंदुस्थानचा उल्लेख कशाला हवा? वाचणाऱ्याला समजलं आणि सरकारलाही समजलं. राजद्रोहाचा खटला झाला. लेख दुसऱ्याचा असूनही हसरतनी लेखकाचं नाव सांगितलं नाही, शिक्षा स्वतः भोगली, तुरुंगात जातं ओढलं. हसरत टिळकांना मानणारे होते. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर ते टिळकांबरोबर बाहेर पडले. हसरत आत गेले त्याच वर्षी टिळकांनाही सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. त्याच वर्षी उर्दूत ‘सोज़-ए-वतन’ हा छोटा कथासंग्रह निघाला. लेखक नवाब राय, शिक्षण खात्यातला नोकर. कलेक्टरनं बोलावून दम दिला, उरलेल्या प्रती जाळायला लावल्या. त्यानंतर तो माणूस दुसरं नाव घेऊन लिहू लागला. ते नाव प्रेमचंद. म्हणजे इथंही अज्ञातवास आलाच.

याच प्रेमचंदांनी पुढे १९२४ साली ‘कर्बला’ नाटक लिहिलं. हजरत इमाम हुसैन यांना नाटकात आणणं कितपत योग्य, असा आक्षेप तेव्हा मुसलमानांकडून आला. नाटक रंगमंचासाठी नाही, वाचण्यासाठी आहे, अशी त्यांची भूमिका होती. मी त्या आक्षेपाकडे तुच्छतेनं पाहत नाही. माझ्या घरातही तो आक्षेप घेतला गेला असता. पण मराठी माणसाला जुलमाविरुद्ध बोलायला द्रौपदी आठवावी आणि उर्दू बोलणाऱ्याला कर्बला आठवावी, या दोन्हींमागची गरज एकच होती. तोंड उघडलं की पकडतात, तेव्हा माणूस आजीच्या गोष्टीच्या आड उभा राहून बोलतो.

मात्र या आडोशाला एक धोका आहे, आणि मला या लेखात मुख्यतः तोच सांगायचा आहे. खाडिलकरांचा कीचक प्रेक्षकांनी कशावरून ओळखला? पोशाखावरून नाही. अंगावर पौराणिक वेष, डोक्याला मुकुट, बोलायला मराठी. कर्झनसारखं त्यात काहीच नव्हतं. ओळखला तो बोलण्याच्या रीतीवरून, हातातल्या सत्तेवरून आणि त्याच्यापुढे दरबार गप्प बसतो यावरून. रूपक जिवंत असतं तेव्हा ते सत्तेकडे बोट दाखवतं. पण तेच रूपक आळशी हातात पडलं की कीचक वेषावरून ओळखायची सवय लागते. मग दाढी दिसली, टोपी दिसली, हिरवा कपडा दिसला की प्रेक्षकाला खलनायक मिळतो. सत्ता कुणाच्या हातात आहे हे विचारायचीही गरज उरत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, असा शेजारचा मुलगासुद्धा कीचक ठरतो. माझ्या काजळाच्या दाढीत हेच होतं. शाहिस्तेखान खरोखर सत्ताधीश होता, औरंगजेबाचा मामा होता, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण चौथीतल्या मुलाला तो कायम एकाच घरातून मिळत होता.

हे दोष आपल्याकडेही आहेत. उर्दूतल्या कितीतरी गोष्टींत लोभी सावकार धोतरावरून ओळखला जातो. बोट दाखवताना आपणही कपडेच बघतो.

म्हणून मला श्रुतिका हवी होती. माझ्या लहानपणी अब्बा रात्री रेडिओ लावायचे. आकाशवाणीवर नभोनाट्य लागलं की घरात बोलायला बंदी. अंधारात नुसते आवाज ऐकताना खलनायक कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, गोरा की काळा, असं काही डोळ्यांपुढे यायचं नाही. तो काय बोलतो आणि समोरचा त्याला घाबरून कसा बोलतो, यावरूनच तो कळायचा. रेडिओला काजळाची दाढी लावता येत नाही.

मुलांनी स्वतः लिहायला घेतलं आणि माझ्या हातून विषय निसटला. आमच्या वर्गात मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-यूपीतली मुलं आहेत. सगळ्यांची घरं कंपन्यांवर चालतात. त्यांनी विराटनगरची ‘विराट एमआयडीसी’ केली. कीचक म्हणजे राजाचा मेहुणा, म्हणून तो झाला साहेबांचा मेहुणा, माणसं पुरवणारा ठेकेदार. सैरंध्री त्याच्याकडून रोजावर लागलेली. बल्लव कँटीनला. बृहन्नडा गेटवर हजेरी घेणार. आणि कंक सगळ्यांना एकच सांगत फिरतो, ‘‘थोडं थांबा, वर्ष भरू द्या, नाहीतर ब्रेक देतील.’’ अज्ञातवासाची मुदत आणि ठेक्यावरच्या माणसाला मिळणारा ब्रेक यांची सांगड मुलांनीच घातली. मी फक्त शुद्धलेखन तपासलं. मला आठवलं, या देशात परक्यांचं राज्यही एका कंपनीनंच आणलं होतं, आणि खाडिलकरांची नाटकं करणाऱ्यांनाही लोक नाटक कंपनीच म्हणत.

शेवट मात्र अडला. भीमानं ठेकेदाराला मारायचं का? मी सांगितलं, मूळ नाटकावर तेव्हाही हाच आक्षेप होता, की हे हिंसेला चिथावणी देतं. शिवाय त्या नाटकात देश म्हणजे वाट पाहणारी बाई आणि सोडवणारा पुरुष. द्रौपदीचं कामही तेव्हा पुरुषच करायचे. मगाशी प्रश्न विचारणारीच मुलगी म्हणाली, ‘‘मारायचं कशाला? कीचक सैरंध्रीशी एकटीत बोलत असताना तिनंच भोंगा चालू करायचा. सगळ्या कंपनीला ऐकू जाऊ दे.’’ तसंच केलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या भोंग्यावरून कीचकाचा आवाज घुमतो, आणि पहिल्यांदाच दरबार गप्प बसत नाही.

आणि कीचक कोण? ते मुलांनी माझ्यासमोर ठरवलं. प्रत्येकानं कीचकाचं एकेक वाक्य म्हणायचं, आवाज बदलत. त्यामुळे कीचकाचा आवाज कधी जाडा, कधी पातळ, कधी मुलाचा, कधी मुलीचा. मागच्या बाकावरून नाव घेणाऱ्या मुलाला पहिलं वाक्य मिळालं. तो ते म्हणताना अडखळला. दुसऱ्या टेकला त्यानं ते इतकं हुबेहूब म्हटलं की वर्ग क्षणभर शांत झाला. नंतर कळलं, तो त्याच्या चाळीच्या मालकाची नक्कल करत होता.

सगळं सोपं झालं असं नाही. मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या चाचांनी विचारलं, ‘‘मास्तर, महाभारत आपल्या पोरांना कशाला?’’ मी त्यांना सांगितलं की अकबराच्या दरबारात महाभारत फारसीत उतरवलं गेलं, ‘रज़्मनामा’ म्हणून. टीव्हीवर अख्ख्या देशानं जे ‘महाभारत’ बघितलं, त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले. पाट्यांमध्ये त्यांचं नाव आलं की अब्बा आम्हाला वाचायला लावायचे. चाचांचं समाधान झालं की नाही माहीत नाही. एका सहकाऱ्यानंही स्टाफरूममध्ये हळूच म्हटलं, ‘‘सर, तुम्ही महाभारताची थट्टा केली असं कुणी म्हणायला नको, जरा जपून.’’ तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता. मला राग आला नाही, पण त्या रात्री झोपही आली नाही. तेच स्क्रिप्ट त्याच्या नावावर असतं तर हा सल्ला कुणी दिला नसता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी तोच रेकॉर्डिंगला पहाटे माझ्याबरोबर आला. रस्त्यावर ट्रक सुरू व्हायच्या आत काम उरकायचं होतं. खिडक्यांना घरून आणलेल्या चादरी त्यानंच बांधल्या.

गॅदरिंगला मंडपातले दिवे बंद करून श्रुतिका ऐकवली. साडेबारा मिनिटं. लोक आधी हसले, मग गप्प झाले, भोंग्याच्या प्रसंगाला पुन्हा हसले. संपल्यावर एक पालक मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, खरं सांगा, हा कीचक नक्की कुणावर आहे?’’

मी म्हटलं, ‘‘तुम्हाला कोण वाटला?’’

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विषय बदलला.

मंडप आवरताना वर्गात ज्याचं नाव घेतलं गेलं होतं तो मुलगा वडिलांना घेऊन भेटायला आला. त्यानं बल्लवाचं काम केलं होतं. वडील खरोखरच एका कंपनीच्या कँटीनला आहेत. सलाम करून ते म्हणाले, ‘‘मास्तर, यानं घरी भीमाचं काम आहे म्हणून सांगितलं, आम्हाला खरंच वाटलं नाही.’’ मुलगा त्यांच्या मागे उभा राहून हसत होता. हे हसू मला नवीन होतं.